खेचरांजवळची मल्लव्वा

त्रिवेणी देगलूरकर दर रविवारी दुपारी राक्षस होते. सोमवार ते शनिवार ती दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये घसा बसेपर्यंत फिजिक्स शिकवते. रविवारी मात्र चिक्कडपल्लीतल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसून ती राक्षस होते, राजा होते, लाचखाऊ पहारेकरी होते. एकदा तर ती बोलणारा पूल झाली होती. त्या पुलाने आम्हाला पलीकडे सोडण्याआधी माफी मागायला लावली. कशाबद्दल, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना आधी सांगते, कारण पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आले तेव्हा मलाही त्यातलं काडीचं माहीत नव्हतं. टेबलाभोवती आम्ही तिघं बसतो. प्रत्येकाचं एक पात्र. मी, केतकी, तलवारवाली. माझ्या ऑफिसातला पुष्कर मांत्रिक. आणि त्रिवेणीचा मावसभाऊ ओमकार चोर. ओमकारचं जामबागेत चष्म्यांचं दुकान आहे. तिथे तो गिऱ्हाइकाला खरं सांगून सांगून स्वतःचंच नुकसान करून घेतो आणि रविवारी त्याचा वचपा काढतो. त्रिवेणी खेळ चालवते. ती सांगते, "समोर दार आहे. दाराखालून धूर येतोय. काय करता?" आम्ही काय करतो ते आम्ही सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. जितका मोठा आकडा तितकं टाकणाऱ्याचं बरं. मोहिमा पार पडतील तशी पात्राची ताकद वाढत जाते. माझी तलवारवाली पहिल्या दिवशी उंदराला घाबरायची, आता हत्ती अंगावर घेते.

फासा टाकायचा तो परातीत. सुरुवातीला फासे घरंगळून फ्रीजखाली जायचे आणि आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडून ते शोधायचो. शेवटी त्रिवेणीच्या आईने, कुसुमताईंनी, कणकेची परातच आणून टेबलावर आदळली. "यात खेळा माय, नाहीतर खेळू नका." तेव्हापासून फासा खणखणत पडतो, सगळ्यांना दिसतो, आणि त्रिवेणीचा एकच कायदा असतो: परातीत पडलं ते पडलं. तिने राक्षसाचा फासासुद्धा कधी हाताआड टाकला नाही.

काय दिवस होते ते, आणि आहेत! त्रिवेणीची भुतं दख्खनी बोलतात. "कैकू आए मियाँ, हौले हैं क्या?" म्हणजे कशाला आलात, वेडे आहात का, असं तिचं पहिलं भूत गुहेतून म्हणालं, तेव्हा ओमकारच्या नाकातून चहा आला. एकदा अजगराच्या विळख्यात माझा जीव अडकला असताना मला वीस पडले. मी खुर्चीवर चढून अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ धावत वर आले. त्यांना काय सांगणार? "अजगर मेला," पुष्कर म्हणाला. ते बिचारे आत येऊन पलंगाखाली बघून गेले. सोमवारी ऑफिसात माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. त्या दारामागे काय असेल, याच एका प्रश्नावर मी आठवडे काढलेत आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

आमच्यात एक रीत आहे. एखादा रविवारी आला नाही, तर त्याचं पात्र बाहेर थांबून मोहिमेचं सामान वाहणारी खेचरं सांभाळतं. पुष्करच्या बहिणीचं लग्न होतं तेव्हा त्याचा महान मांत्रिक महिनाभर खेचरांना चारा घालत होता. आणि कोणी असो नसो, खेचरांजवळ मल्लव्वा नावाची एक बाई असायचीच. आडदांड, हातात काठी, डोक्याला पदर गुंडाळलेला. आम्ही गुहेत, किल्ल्यात, भुयारात शिरताना त्रिवेणी न चुकता म्हणायची, "मल्लव्वा खेचरं घेऊन दाराशी थांबली." आम्ही "बरं" म्हणायचो आणि आत जायचो. सहा वर्षं आम्ही "बरं" म्हणत होतो.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी चहाचे कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर कुसुमताई चपात्या लाटत होत्या. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "केतकी, त्या मल्लव्वाला तुम्ही कवा आत नेणार गं?"

मला हसू आलं. "अहो काकू, ती तशीच आहे. खेचरांसाठी."

"तशीच कशी? ती माझ्या पोरीची हाय की." त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "कॉलेजात होती तवा आबिड्सच्या फुटपाथवरून या खेळाचं ते जाड पुस्तक आणलं तिनं. सुट्टीभर बसून मल्लव्वा बनवली. कशी चालते, कशी बोलते, कुणाला भिते, समदं मला सांगायची. मग खेळायला माणसं मिळाली, पण खेळ फकस्त हिलाच येत होता. मग चालवणार कोण? हीच. मल्लव्वा ऱ्हायली दाराशी."

माझ्या डोक्यात सणक गेली. राग कुणाचा, तर आमचाच! सहा वर्षं आम्ही तिघं ताटावर बसून जेवत होतो आणि वाढणारीला कुणी "तू बस" म्हणालं नव्हतं. ज्याला नियम येतात त्यानेच खेळ चालवायचा, आणि जो चालवतो त्याला कधी खेळता येत नाही. त्रिवेणीने हा खेळ आणला, शिकवला, जगवला, आणि ती स्वतः तो एकदाही खेळली नव्हती.

मी तशीच कप घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी मी चालवणार. त्रिवेणी, तू खेळायचंस. मल्लव्वा आत येणार."

त्रिवेणी लाल झाली. "नक्को गं. काय की तुझं! तुला अर्धे नियम येत नाहीत."

"निम्मे येतात ना? पुरेत."

"नाही पण..." असं म्हणत ती परात पुसू लागली. ती आधीच पुसलेली होती. मग खाली मान घालून म्हणाली, "मल्लव्वाला पोहता येतं, हे लक्षात ठेव हं."

तो आठवडा मी जो काही जगले! कॉल चालू असताना कागदावर पायऱ्यांची बारव काढत होते. जमिनीत खोल उतरणारी, काळ्या पाण्याची, तळाशी राणीचा मुकुट. राखण करायला एक म्हातारी मगर. माझा बेत ठरलेला होता: बाकीच्यांनी मगरीला झुंजवत ठेवायचं, मल्लव्वाने पाण्यात सूर मारायचा आणि मुकुट घेऊन वर यायचं. सहा वर्षांचं उट्टं निघालं पाहिजे, असा तिचा विजय. माझी तलवारवालीही चालवायची होती, पण ते पुष्करकडे सोपवलं.

रविवारी त्रिवेणी नवा कुर्ता घालून आमच्या बाजूला, फ्रीजजवळच्या खुर्चीवर बसली. मी तिच्या खुर्चीत. तिथून टेबल फार लांब दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"बारवेचं तोंड दिसतंय," मी म्हणाले. "मल्लव्वा, काय करतेस?"

त्रिवेणीने पाठ ताठ केली, आवाज जाड केला, आणि आमची फिजिक्सची बाई कुठच्या कुठे गेली. "मल्लव्वा म्हणते, सरका बाजूला. मी जाते पुढं. तुम्ही लोक आत जाऊन नेहमी मार खाऊन येता."

आम्ही टेबल बडवलं. ओमकार म्हणाला, "आणि खेचरं?" तर मल्लव्वा म्हणाली, "बांधली लिंबाला. मला माणसांचा कंटाळा येत नाही, खेचरांचा आलाय आता." कुसुमताई पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या.

पायऱ्या उतरताना मल्लव्वाने जे जे केलं, ते आम्ही कुणी सहा वर्षांत केलं नव्हतं. भिंतीला कान लावला. पाण्यात खडा टाकला. पुष्करच्या मांत्रिकाला दम भरला. त्रिवेणी खुर्चीच्या कडेवर आली होती, डोळे माझ्यावर, प्रत्येक वाक्यानंतर "मग? मग?" आणि मग मगर वर आली. मल्लव्वा काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे.

मी मगरीसाठी फासा टाकला. खणखण करत तो परातीत फिरला आणि विसावर थांबला.

त्याच क्षणी माझी चूक माझ्या लक्षात आली. मगर मी आमच्या ताकदीला शोभेल अशी निवडली होती. तिचा चावा आम्हाला ओरखडा. पण मल्लव्वा सहा वर्षं दाराशी उभी होती! एकही मोहीम तिच्या नावावर नव्हती, तिची ताकद पहिल्या दिवशी होती तेवढीच होती. हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. जी आत गेलीच नाही ती वाढणार कशी? इतकं साधं गणित मी चुकले.

"टेबल हललं," मी म्हणाले आणि फासा उचलायला हात घातला. "परत टाकते."

त्रिवेणीने माझं मनगट धरलं. "परातीत पडलं ते पडलं."

"अगं पण त्रिवेणी..."

"टाक पुढचे फासे. चावा किती लागला ते कळू दे."

टाकले. कुणी बेरीज करायला गेलंच नाही, गरजच नव्हती; मल्लव्वा एका चाव्यात गेली. मल्लव्वा आत येऊन अर्धा तासही झाला नव्हता. मला रडू फुटलं, खरंच फुटलं. पुष्कर छताकडे बघत होता. ओमकार म्हणाला, "आपण वीस बघितलेच नाहीत असं धरू," आणि खेळाबाहेर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला तयार झाला.

आणि त्रिवेणी उठली. खुर्ची मागे पडली. दोन्ही हात वर करून ती ओरडली, "मेले! आई, मी मेले!" तिचा चेहरा असा फुलला होता की आम्हाला काही सुधरेना. ती नाचत होती. "वीस पडले! मगरीनं खाल्लं मला! मला वाटलंच नव्हतं!"

"अगं, सहा वर्षं थांबलेली तुझी मल्लव्वा गेली," मी हुंदके देत म्हणाले, "आणि तू नाचायलीस काय?" माझी भाषासुद्धा तिच्यासारखी झाली होती.

तिने माझे खांदे धरले. "केतकी, प्रत्येक दारामागं काय आहे ते मला माहीत असतं. तुम्ही किंचाळता, मी नाही किंचाळू शकत. आज मला माहीत नव्हतं गं! पाणी हललं तवा मला खरंच माहीत नव्हतं!"

खालचे गृहस्थ पुन्हा वर आले. कुसुमताईंनी त्यांना दारातच सांगितलं, "काही नाही, आमची त्रिवेणी मेली," आणि हसता हसता डोळे पुसले. त्यांचा चेहरा पिठाने पांढरा झाला.

मी नाक पुसलं आणि आवरायला घेतलं, कारण मेलेल्या माणसाचा खेळ संपतो. पण त्रिवेणीने पडलेली खुर्ची उचलली, टेबलाला लावली, आणि फ्रीजजवळच्या त्याच जागेवर मांडी घालून बसली. कोपरं टेबलावर, हनुवटी तळहातांवर.

"मी मेले," ती म्हणाली. "पुढे काय झालं ते सांग."