पुडीचा अर्थ

मागच्या उन्हाळ्यात माझा देवावरचा विश्वास डळमळला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. दोन्ही किडन्या थकलेल्या, पाय सुजलेले आणि एवढं पथ्य पाळूनही रक्तातलं पोटॅशियम चढतच होतं. असंच राहिलं तर डायलिसिसचा विचार करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी दवाखान्यातून घरी न जाता तडक सिद्धेश्वराच्या देवळात गेले, ती भांडायलाच.

पथ्य पाळूनही, असं मी म्हणते खरी, पण त्यात एक गंमत होती. आमचं घर कानडी. आमच्याकडे पुडी म्हणजे शेंगाची चटणी. ती नसेल तर भाकरी घशाखाली उतरत नाही. आजार कळल्यापासून ती बंद होती आणि बाकी काही नको, तेवढी चटणी परत दे, असं मी सिद्धेश्वराला रोज विनवत होते. त्या भांडणाच्या दोन महिने आधी पोट फार बिघडलं. गच्च फुगायचं, साफ व्हायचं नाही. तपासून झाल्यावर मी बाहेर बसले, यजमान आत बोलत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "दुपारी जेवताना एक पुडी घ्यायला सांगितलीय." चिठ्ठीतलं एक औषध मेडिकलमध्ये संपलं होतं, ते नंतर आणायचं यजमान साफ विसरले. मी मात्र त्याच दुपारी देवापुढे साखर ठेवली आणि चमचाभर चटणी वाढून घेतली. यजमान त्या वेळी आपल्या दुकानावर असतात, त्यांना काय कळणार! पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, पुडी घेता ना? मी म्हटलं, रोज, कधी कधी दोनदासुद्धा. एकच पुरे, म्हणाले.

तर त्या दिवशी देवाशी भांडून झाल्यावर देवळाच्या तळ्याकाठी रडत बसले होते. शेजारी एक मुसलमान बाई डबा सोडून बसल्या होत्या. नवरा जवळच डायलिसिसला असतो, तोवर इथं वाऱ्याला बसते, म्हणाल्या. त्यांनी माझ्यापुढे अर्धी भाकरी केली. मी म्हटलं, चटणी असेल तर द्या, मला डॉक्टरांनीच सांगितलीय. त्यांचा हात थांबला.

"किडनीवाले को शेंगा की चटनी? कौन बोल्या?"

मी पुडीचं सांगितलं. त्यांनी पर्समधून नवऱ्याच्या औषधाचं एक चपटं पाकीट काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"पुडी बोले तो ये, अम्मा. पेट के वास्ते. चटनी नक्को."

मी आधी हसले की आधी घाबरले, आठवत नाही. तशीच परत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, हसले आणि मग गंभीर झाले. शेंगदाण्यातच पोटॅशियम, म्हणून चटणी बंद, ते उतरवायचं औषध सुरू. मेडिकलमध्ये संपलेली ती पुडी पोटातल्या चांगल्या जंतूंची, तिनं किडन्या बऱ्या होत नाहीत, पोटाला आराम पडला तर पडेल, आणि अशी पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घ्यायची नाही, हे त्यांनी यजमानांना बोलावून घेऊन आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. दोन आठवड्यांनी पोटॅशियम उतरलं. डायलिसिसचा विषय तूर्त टळला. खरी पुडी घेत गेले, तसं हळूहळू पोटही हलकं झालं.

त्या बाईंना मी नंतर तीन-चारदा शोधलं, भेटल्या नाहीत. नवऱ्याची वेळ बदलली असेल. तरी डोळे मिटले की मला त्यांचाच थांबलेला हात दिसतो आणि मन भरून येतं. देव माझं ऐकत नाही, असं मला वाटायचं. खरं तर मीच त्याचं मला हवं तेवढं ऐकत होते. आता मी काही मागत नाही. तू बोलशील ते तुझ्या अर्थानं कळू दे, एवढंच म्हणते, आणि तरीही यजमानांना एकदा विचारून घेते.