आजचा रंग राखाडी

"अगं, आज ग्रे आहे ना? आणि हे काय घातलंयस? अगदी पालिकेची झाडूवाली!"

राधिका मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या. पहाटेचे साडेपाच. करी रोडच्या टॉवरखाली आम्ही दहा-बाराजणी सायकली धरून उभ्या. नवरात्र चालू होतं, म्हणून रोज त्या दिवसाच्या रंगाचे कपडे घालून राइड. ग्रुप त्यांचा, नियम त्यांचे. मी एकटी भोईवाड्याच्या चाळीतली, ऑफिसातल्या ओळखीने शिरलेली.

"झाडू घरी विसरलीस का गं?" आणखी एक म्हणाली. सगळ्या हसल्या.

मीही हसले. ते हसू मला अजून खुपतं.

माझा टी-शर्ट भडक केशरी होता, पाठीवर चंदेरी पट्टे. दादरच्या दुकानात घेतलेला. दुकानदार "लेडीजमध्ये हेच चालतं" म्हणत फिकट जांभळे, काळे, राखाडी काढत बसला होता. ऑक्टोबरातली पहाट धुरकट, त्यात हे कोणाला दिसणार? शेवटी मी पुरुषांच्या कपड्यांतला केशरी उचलला. खांद्यात ढगळ होता, तरी घेतला. तोच का, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

माझी आई झाडूवालीच होती.

केशरी जाकीट, चंदेरी पट्टे. आमच्या शाळेपुढचा रस्ता तिच्याकडे. सातवीत असताना मुलींनी ते जाकीट लांबून ओळखलं. वर्गात चिडवून चिडवून मला पळता भुई थोडी केली. घरी येऊन आईवर ओरडले, "शाळेपाशी तरी ते जाकीट घालू नकोस!"

"बरं बाय, नाय घालणार," आई म्हणाली.

तिने शब्द पाळला. दिवाळीच्या तोंडावर, उजाडायच्या आत, एका गाडीने तिला शाळेसमोरच उडवलं. "बाई दिसलीच नाही," गाडीवाला म्हणाला. जाकीट तिच्या कचऱ्याच्या ढकलगाडीत सापडलं. नीट घडी घातलेलं.

त्या गाडीवाल्याला मला कधी धड शिव्याही देता आल्या नाहीत. कुठल्या तोंडाने देणार? इतकी वर्षं आई स्वप्नात येते. रस्त्याच्या मधोमध उभी असते, हातात जाकिटाची घडी, आणि विचारते, "आता घालू का गं?" तिथेच मला जाग येते.

राधिका मॅडमनी सॅकमधून राखाडी जाकीट काढलं. "हे घाल वरून. फोटो खराब नको."

मी घातलं. चेन गळ्यापर्यंत ओढली.

लालबागच्या पुलाखाली मी सगळ्यांच्या मागे होते. अचानक पाठीशी ब्रेक करकचले. माझ्या मागच्या चाकापासून हातभरावर मोटार थांबली होती. चालकाने डोकं बाहेर काढलं, तो स्वतःच घाबरला होता.

"अहो ताई, दिसलाच नाहीत!"

तेच शब्द. सायकल कशीबशी कडेला घेतली आणि राखाडी जाकीट अंगातून ओरबाडून काढलं.

ब्रेकचा आवाज ऐकून बाकीच्या पुढे थांबल्या होत्या. राधिका मॅडम म्हणाल्या, "लागलं नाही ना? अगं, पण जाकीट का काढलंस?"

"माझी आई झाडूवाली होती," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा, मोठ्याने. "मी तशीच दिसणार."

जाकीट त्यांच्या हँडलवर टाकलं. कोणी हसलं नाही. कोणी जवळही आलं नाही. मी उलटी फिरले.

हलकंबिलकं काही वाटलं नाही. आईच्या अंगावरचं जाकीट मी उतरवलं होतं, ते उतरवलेलंच राहणार. ती अजूनही स्वप्नात येते.

आता मी एकटी जाते. टी-शर्टावर आईचं तेच जाकीट घालते. केशरी विटलाय, पट्टे मात्र उजेड पडला की अजून चमकतात. सिग्नलला कोणी "ए झाडूवाली" म्हटलं, तर मान वळवून सरळ डोळ्यांत बघते. उद्या मला कोणी उडवलं, तर उडवेल. पण दिसली नाही, असं त्याला म्हणू देणार नाही.