गोल मोडायचा हुकूम

“बाई, ह्यो गोल मोडा आधी.”

आबा चपला घालूनच वर्गात शिरले होते. गावातले मोठे बागायतदार, शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांची नात माझ्या पहिलीत होती. पोरं हातात हात धरून गोल फिरत दोनाचा पाढा म्हणत होती. चुकेल त्यानं मधे बसायचं, एवढाच खेळ. आबांनी नातीचा हात हिसका देऊन सोडवला. तो धरला होता बौद्धवाड्यातल्या सुमननं.

“माझ्या नातीनं कुणाचा हात धरायचा, ते तुमी ठरवणार व्हय? नोकरी लागली म्हणून पायरी इसरू नका.”

चाळीस पोरं ऐकत होती. मी गोल मोडला. त्याची लाज मला आजही वाटते.

नव्वदनंतरची ती वर्षं. इंदापूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. मी नुकतीच डी.एड. होऊन लागले होते. बारामतीहून पहिल्या एसटीनं यायचे, कारण गावात खोली मागितली की लोक आधी आडनाव विचारत.

पहिलीचं लेकरू दहा मिनिटांच्या वर एका जागी टिकत नाही. त्याला छडीनं बसवा, नाहीतर खेळात गुंतवा. मी खेळ घेतला. चिंचोके मोजायचे, टाळ्यांवर पाढे म्हणायचे, रोज जागा बदलायच्या. तिथंच बिघडलं. कारण त्या वर्गात जागा ठरलेल्या होत्या. बौद्धवाड्यातली पोरं मागं, दाराशी. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण शाळा उघडली त्या दिवशी पोरं न सांगता तशीच बसली. सहा-सहा वर्षांची पोरं!

आबा गेल्यावर मुख्याध्यापक मला म्हणाले, “बाई, तुम्ही अजून कायम नाही. कायम व्हायला माझा शेरा लागतो. पहिल्यासारख्या ओळी लावा. छडी घ्या.”

घरी वडील अंथरुणाला खिळलेले. भाऊ शिकत होता. कमावती मी एकटी. नोकरी सोडता येईना, वर्गात उभं राहवेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी ओळी लावल्या. होय, मीच लावल्या. सुमनला माझ्या हातानं दाराशी बसवलं, टेबलावर छडी ठेवली.

पंधरा दिवसांत वर्ग मुका झाला. मुख्याध्यापक खूश. “आता कशी शिस्त आली!”

एकदा मी सुमनला पाढा विचारला. तिला तो येत होता. ती उठली, पण बोलेना. मी छडी उचललीही नव्हती. तिनं आपणहून हात पुढं केला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

मी चौथीत असताना असाच हात पुढं धरायचे. आमच्या गुरुजींना माझ्या जवळ यायचं नसायचं, म्हणून ते छडी लांबून फेकून मारायचे. आता छडी माझ्याजवळ होती. मला माझीच किळस आली. मी ती मोडली आणि खिडकीबाहेर टाकली.

“उठा. गोल करा.”

कुणी उठेना. मी सुमनला पुढं आणलं, आबांच्या नातीजवळ उभं केलं.

नात घाबरून म्हणाली, “आबा मारत्याल.”

“त्यांना सांग, बाईंनी हात धरायला लावला.”

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. वर समजावलं, “चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहा. आबांचं मी बघतो.”

मी रात्रभर विचार केला नाही. तिथंच, त्यांच्या टेबलावर लिहिलं: ‘मुलांना जातीप्रमाणे बसवण्याचा तोंडी आदेश मला मिळाला. मी तो पंधरा दिवस पाळला. ही माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही.’

त्यांनी वाचलं. कागद माझ्याकडं सरकवला. “फाडा हा. नोकरी जाईल.”

“जाऊ दे. मी आहे तोवर या वर्गात ओळी लागणार नाहीत. हा कागद तुम्ही वर पाठवला नाही, तर दुसरा लिहून मीच तालुक्याला नेऊन देईन.”

घंटा झाली होती. मी वर्गावर गेले.