फुलं सरली, टोळी हाये

आमच्या बाईंसमोर 'थकले' म्हणायची सोय नव्हती. चुकून म्हटलंच, तर बाई कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "कोण थकलं? काऊन थकलं?" उत्तर ऐकायला मात्र थांबायच्या नाहीत. पुढे चालू पडायच्या, आणि आपण मुकाट मागे.

बाई ब्रह्मपुरीकडच्या. एटापल्लीजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या आणि घरच्यांनी कितीही डोकं खाल्लं तरी बदली मागितली नाही. शाळेत खेळाचे मास्तर नव्हते. मग बाईच पदर खोचून, कापडी बूट घालून पहाटे आम्हा मुलींना पळवायच्या.

शरीर कशावर चालतं हा धडा त्यांनी मोहाच्या झाडाखाली शिकवला. एका मुठीत वाळलेली मोहफुलं, दुसरीत त्याच झाडाच्या बिया, म्हणजे टोळी. "फूल म्हंजे साखर. जेवलं का रक्तात येते, थोडी काळजात, म्हंजे यकृतात, थोडी मांडीत साठून रायते. चटकन पेटते, चटकन सरते. टोळीत तेल हाये. फोडा लागते, गाळा लागते, तवा निंगते. पण लय पुरते. पोट भरलं असलं का आंग साखर जाळते अन् तेल ठेवून देते. साखर आटली का तेल काढते. दोन्ही चुली पेटल्याच रायतेत, जाळ कोनाचा मोठा तेवढंच बदलते." आमच्या घराघरांत फुलं वेचली जात आणि टोळीचं तेल गाळलं जाई. हे कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मग अहेरीच्या शर्यती आल्या. लांब शर्यतीला आमच्या शाळेतून मी एकटी. तिथले एक साहेब माझ्याकडे बघून बाईंना म्हणाले, "ही काडी अर्ध्यात बसणार. बसली, तर पुढच्या वर्षी तुमच्या मुली घेणार नाही." बाई नुसत्या हसल्या. मला मात्र भयंकर चेव आला. आईने दिलेले मोहफुलांचे लाडू दणकून खाल्ले आणि शर्यत सुटल्या सुटल्या मी उधळले. अर्ध्यावर पाय धानाच्या बांधीतल्या चिखलात रुतल्यासारखे झाले. समोर बाभळीची सावली होती. बसणारच होते मी.

बाई कडेने धावत आल्या. "बसू नको! हळू हो! फुलं सरली तुयी, टोळी हाये अजून. तिले निंगू दे!"

मी हळू झाले. बसले नाही. सगळ्यांच्या शेवटी पोचले, पण पोचले. बाई धापा टाकत साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "पुरी केली ना पोरीनं? मंग पुढच्या साली अजून पोरी आनतो." आणि खरंच आणल्या. आता शाळेतल्या मुलींना मी पळवते.

गेल्या पावसाळ्यानंतर बाई अंथरुणाला खिळल्या. घास उतरेना, अंगावर मांस उरलं नाही. त्यांचा हात हातात घेताना माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, थकल्या असाल." त्यांनी डोळे उघडले. अगदी वर्गातल्यासारखे.

"कोण थकलं? फुलं सरली. टोळी जळून राह्यली."

त्या गेल्या तेव्हा चितेजवळ बुद्धवंदना झाली. परतताना कुणीतरी हळहळलं, "फार थकल्या होत्या बिचाऱ्या." माझं डोकंच फिरलं. एवढ्या माणसांत मी ओरडले, "कोण थकलं? बाई नाई थकल्या. तेल सरलं त्यायचं!"