मोहाच्या झाडाखाली स्कॉटलंड

स्कॉटलंडला जायचं की नाही, हे किनवटच्या जंगलात ठरवायचं, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं होतं. हसू नका, सांगतो.

लातूरला आमचं डाळीचं दुकान. घर लिंगायत, शिस्तीचं. खाली देवघर, आणि दोन मजले वर माझं कपाट, त्यात सिंगल माल्ट व्हिस्की. महिन्यातून एकदा, एकच पेला, त्यातही अर्धा तास नुसता वास घेण्यात जायचा. माझी बायको महानंदा त्या खोलीत पाऊल टाकत नाही. पण माझं स्वप्न तिला तोंडपाठ. आधी स्पेसाइडच्या नदीकाठी फिरायचं, मग आयला बेटावर (असंच म्हणतात, मी शिवी देत नाहीये) जायचं. तिथं दलदलीतली कुजलेली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. तो धूर थेट बाटलीत उतरतो. एखाद्या गावाचं पाणी, वारा, धूर घरबसल्या नाकानं ओळखायचा, हेच तर माल्टचं वेड.

आणि दिवाळीनंतरच्या तापात माझं नाकच गेलं. फोडणी कळेना, उदबत्ती कळेना. डॉक्टर म्हणाले, "उग्र वास घेत राहा. येईल, कदाचित नाही येणार." आता बिनवासाचा माणूस स्कॉटलंडला जाऊन काय मेंढ्या मोजणार? दुकानातला लक्ष्मण किनवटकडचा. तो म्हणाला, "मालक, मोह फुललाय. आमच्या गावाला जाऊन या, तिथं वास न्हाई आला तर मग कुठंच न्हाई."

मार्चअखेरची पहाट, गाडीत आम्ही दोघं आणि माल्टच्या दोन चिमुकल्या बाटल्या, परीक्षेसाठी. अहमदपूर, लोहा करत साडेतीन तासांत नांदेड. तिथं इडली खाऊन धर्माबाद गाठलं, कारण तिथल्या मिरचीच्या बाजारात आंधळ्यालाही लाल दिसेल एवढे ढीग. मला सलग चार शिंका आल्या, डोळ्यांतून धारा लागल्या.

"आला वास?" महानंदानं विचारलं. तिचा चेहरा असा काही फुलला होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव, थोडा थोडा."

मिरची नाकाला झोंबली होती, बस्स. वास काडीचाही नव्हता. पण तिनं तिथूनच उदगीरला भावाला फोन लावला, "ह्यांचं नाक आलं!" कपाळ माझं!

रात्री परत नांदेडला आलो, बाराशेत स्वच्छ खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी मुदखेड, भोकर. पेट्रोल भोकरलाच भरा, पुढं जंगल सुरू होतं. मुक्काम किनवटलाच करा, कारण मोह पहाटे पडतो.

लक्ष्मणच्या गावातली ती पहाट मी विसरणार नाही. धुकं नव्हे, पण हवेत काहीतरी दुधट. झाडाला पान नाही, आणि वरून टप, टप, पिवळट रसाळ फुलं पडत होती. बाया न बोलता वेचत होत्या. महानंदा डोळे मिटून उभी राहिली. "अगं बाई, काय वास हाय हो!" मीही मान हलवली. सगळं गाव जेवायला बसलंय आणि मी दाराबाहेर, तसं वाटलं.

लक्ष्मणचे वडील जंगू बाबा यांनी आम्हाला झाडाखाली बसवलं, पळसाचा द्रोण माझ्या हातात दिला. मोहाची दारूच असणार म्हणून मी तो गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. "वा बाबा! आधी मध, आणि मागं जरा भाजल्यावाणी..."

बाबा माझ्याकडं बघतच राहिले. "पाणी हाय ते. हात धुवा."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. महानंदा हसली नाही.

"धर्माबादला बी खोटंच?"

"हाव."

"कशाला पण?"

"तुझं तोंड बघून," म्हणालो, आणि चारचौघांत रडलो.

तिनं द्रोणातलं पाणी फेकलं. पिशवीतून आयलाची बाटली काढून तिनं द्रोणात ओतली. बाबांनी हात आडवा केला, "आधी देवाला." आणि तिच्या हातून चार थेंब बुंध्याशी सोडवले. सोळा वर्षं पिंपात मुरलेली! माझा जीव हळहळला. मग आयुष्यात बाटलीला न शिवलेल्या माझ्या बायकोनं द्रोण नाकाशी नेला.

"ओली लाकडं धुमसून राहिली," ती सावकाश म्हणाली. "दवाखान्यात जखम पुसतात, तो बोळा. आणि खाली मीठ हाय."

आयलाच होती ती, तंतोतंत!

बाबांनी घोट घेतला. "ह्याचं गाव कुठलं?"

"समुद्रातलं बेट."

"वारं लई असंल तिथं," बाबा म्हणाले.

दुसरी स्पेसाइडची. "पिकला पेरू," महानंदा म्हणाली, "आणि हे तर इथलंच, मोहावाणी." वास टिपायच्या माझ्या वहीत स्पेसाइडपुढं वर्षानुवर्षं 'हेदरचं फूल' लिहिलेलं, तिकडच्या माळावरचं. ते फूल मी जन्मात पाहिलेलं नाही, पुस्तकातून उतरवलेलं. तिनं थेंबही जिभेला लावला नाही, आणि दोन्ही गावं सांगितली.

जाणार असाल तर मार्चअखेर जा, आणि झाडाखाली जपून चाला. ती फुलं कुणाची तरी वर्षाची कमाई असते.

नाक काही आलेलं नाही. किनवटहून आल्यावर आठवडाभर तूर पाखडताना मी तेच घोकत होतो, की झालं, स्कॉटलंड संपलं. काल दुपारी महानंदा दुकानात आली. "आज लवकर बंद करा. पासपोर्टचे फोटो काढायचेत, माझे बी."

"अगं, मला नाक कुठंय?"

"मला हाय की," ती म्हणाली. "मी वास घेते, तुम्ही लिहून घ्या."