वाकड्या तोंडाची नळी

कोळी दिसला की केरसुणी उचलायची, हे मी आयुष्यभर करत आले. आमचं बुरूडकामाचं दुकान पुण्याच्या कसबा पेठेत. मागच्या भिंतीला बांबू उभे असतात आणि त्यांच्या आडोशाला कोण कोण येऊन बिऱ्हाड थाटतं. त्यामुळे माझ्या मुलीनं कॉलेजात कोळ्यांचाच अभ्यास करायचं ठरवलं, तेव्हा मी विचारलं, "दुसरं काही शिल्लक नव्हतं का?" ती म्हणाली, "तू मारून जेवढे शिल्लक ठेवलेस, तेवढे तरी बघू दे." जीभ अगदी माझ्यावर गेली आहे तिची.

तिच्या प्रयोगशाळेत एकदा पाच टॅरंटुला आले. तळहाताएवढे केसाळ कोळी, पुढच्या पायांखाली हळदीसारखे पिवळे पट्टे. मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत राहणाऱ्या एका तरुणानं ते हौसेनं पाळले होते. घाटातल्या एका पोकळ झाडातून धरून आणलेले. पुढे त्याचं मनच त्याला खाऊ लागलं, आणि आपण होऊन डबे घेऊन तो वनखात्यात गेला. धरलेली जागा त्याला नेमकी आठवत होती, म्हणून त्यांना तिथंच परत सोडायचं ठरलं. तोवर सांभाळायला ते माझ्या मुलीच्या सरांकडे दिले.

अडचण अशी, की ते झाडच पडलं होतं. आजूबाजूची झाडं कोवळी, त्यांना ढोली नाहीत. उघड्या खोडावर सोडलं तर पाखरं सकाळपर्यंत फडशा पाडणार. सरांनी प्लास्टिकचे पाइप ठेवून पाहिले, पण एकही कोळी आत जाईना. सोडायची वनखात्याची परवानगी दिवाळीपर्यंतची. तोवर त्यांनी एखादं घर आपलं म्हटलं नाही, तर उरलेला जन्म डब्यात.

"आई, बांबूच्या नळ्या करून देशील?" मुलीनं विचारलं.

मी हातातली कामटी खाली ठेवली. किती वर्षांनी तिनं माझ्याकडे बांबूतलं काही मागितलं होतं. बारा वर्षांची असताना तिनं एक परडी विणली होती. नाचत नाचत दाखवायला आणली. मी ती उलटी धरून पाहिली, "ढिली आहे" म्हणाले आणि तिच्या डोळ्यांदेखत तीन ओळी उसवल्या. माझ्या आत्यानं मला असंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली नाही, त्यानंतरही कधीच नाही. मला ते रोज दिसायचं, आणि मी रोज दुसरीकडे बघायचे.

म्हणून नळ्या करताना मी जीव ओतला. एका बाजूची गाठ राखून हातभर लांबीचे तुकडे कापले. आतून काचेसारखे घासले. भुंगा लागू नये म्हणून कडुलिंबाचं तेल चोळलं, वरून धुरी दिली. पेठेत सूप आणि रोवळी माझ्या हातची ओळखू येते; कोळ्यांनाही कळू दे म्हटलं, कुठून माल आला आहे तो.

चौथ्या दिवशी मुलगी घरी आली ती चपला न काढताच उभी राहिली. चार कोळ्यांनी नळ्यांकडे पाठ फिरवली होती. सगळ्यात मोठी मादी तेवढी आत गेली आणि बाहेर येऊन पाय पोटाशी ओढून पडली होती.

"आई, यात काय लावलंस?"

"काय म्हणजे? कीड लागू नये म्हणून..."

बोलता बोलताच मला कळलं. किड्यांना पळवायची औषधं मी किड्यांच्या घराला लावली होती! आयुष्यात पहिल्यांदा माझं काम इतकं चोख झालं होतं आणि ते जिवावर उठलं होतं. "मरेल का गं ती?" मी विचारलं. "माहीत नाही," एवढंच म्हणाली आणि तशीच परत गेली. ज्या प्राण्याला मी केरसुणीनं मारलं असतं, त्याच्यासाठी मी दोन दिवस धड जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी मादीनं पाणी घेतलं. मुलीनं फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "आता संध्याकाळी येते. मी सांगते तशा करायच्या. मागे कुजायला टाकलेला बांबू आहे ना, तो घे. घासायचा नाही. आतला पापुद्रा तसाच ठेवायचा."

"तो चुलीत घालायचा बांबू आहे."

"तोच."

मी धुसफुसत बसले, पण बसले. पावसाउन्हानं काळपट पडलेला तो बांबू, आत पांढरा पापुद्रा, कडेला कुसळं. असं ओबडधोबड काम आमच्याकडे शिकाऊ माणसानंही केलं नसतं. मुलगी बोटांनी मापं सांगत होती. तोंड फार मोठं नको, पाखराची चोच जाता कामा नये. मग तिनं माझी सुरी उचलली आणि एका नळीचं तोंड स्वतःच कापायला घेतलं.

तोंड वाकडं झालं. एका बाजूला उतरतं. माझा हात आपसूक पुढे गेला. तो मी मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. तिनं ते पाहिलं. "दे, कर सरळ," ती म्हणाली. मी म्हटलं, "असू दे. बरी आहे." इतके साधे शब्द, पण ते बोलायला मला केवढा वेळ लागला.

सरांनी सगळ्या नळ्या मोठ्या पेटीत उभ्या बांधल्या. दोन दिवसांत पाचही कोळी आत. मोठी मादी कुठल्या नळीत शिरली असेल? वाकड्या तोंडाच्या. सर मला म्हणाले, "अहो मावशी, आमच्या विभागाला वर्षभर जमलं नाही ते तुम्ही भंगारात जमवलंत." पुण्यात यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी, दिवेलागणीच्या सुमारास, घाटातल्या त्या उतारावर नळ्या झाडांना बांधल्या. तोंडाला कापडाचे बोळे होते. मुलीनं एकेक बोळा दोरीनं ओढला. मी खाली उभी राहून बघत होते. कोणी बाहेर आलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, हेच हवं होतं." मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाच तिला शाल नीट घे म्हणून रागावले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाहणीला गेलो. दोन नळ्या रिकाम्या होत्या. सर म्हणाले, ते कोळी पुढे सरकले असतील किंवा कुणाच्या पोटात गेले असतील, जंगल आहे. दोन नळ्यांत कोळी होते. मग मोठ्या मादीची नळी. मुलीनं शिडीवर चढून विजेरी मारली आणि मलाही वर बोलावलं. गुडघ्यांना शिव्या देत चढले.

आत पांढऱ्याशुभ्र रेशमाचं अस्तर होतं. तोंडाच्या उतरत्या बाजूला तिनं जाळं जास्त दाट घातलं होतं, कडेपासून कडेपर्यंत, कुठे ढिलं नाही. खोल आत हळदीचे दोन पट्टे हलले. चाळीस वर्षं विणणारी मी त्या विणीत खोट शोधत राहिले आणि मला सापडली नाही.

खाली शिडी धरून उभा असलेला वनरक्षक वर बघत म्हणाला, "मावशी, बाकीच्या नळ्या झ्याक हायेत. हिचंच तोंड वाकडं हाय बघा. कुनी केली ही?"

"माझ्या मुलीनं," मी शिडीवरूनच म्हटलं. "आणि वाकडं नाही ते."