चुडाव्याची पाहणी

सुभाष गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा आधी मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं. दीड महिना झाला, त्या पहिल्या क्षणाची लाज काही जात नाही...

आम्ही दोघं पूर्णेचे, शाळेत एकाच बाकावरचे. मी तिथंच मास्तर झालो. तो पुण्यात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. वीज, मजुरी आणि मोबाईल यांनी खेड्यातल्या माणसाचा दिवस कसा बदलतो, यावर त्यानं हयात घालवली. चुलीपुढं राबणाऱ्या बाईचे कष्ट कुणी कामात धरत नाही, हे त्याचं दुखणं. घरात गॅस आल्यावर तिचा वेळ वाचला का, हे विचारायला त्यानं पूर्णेजवळच्या चुडावा गावाची पाहणी माझ्यावर सोपवली. हातात टॅब दिला आणि बजावलं, "बाईलाच विचार. तिच्या चुलीपाशी बसून."

ऊन कडक होतं. मी पारावर बसलो आणि आल्यागेल्या गडीमाणसांना विचारून फॉर्म भरले. "तिला काय काम हाय गुरुजी? घरीच तर असती," असं एक जण म्हणाला, मी तसंच भरलं. फॉर्म कुठं बसून भरला हे टॅब आपोआप नोंदवतो, हे या शहाण्याला ठाऊक नव्हतं. आठवड्यानं सुभाषचा फोन. "सगळं गाव एकाच पारावर राहायलंय का रे?" मी हसण्यावारी नेलं. त्यानं ती सगळी माहिती टाकून दिली, त्यावरचा शोधनिबंध वर्षभर लांबवला आणि पुढच्या उन्हाळ्यात रजा काढून एकटा घरोघर फिरला. मला कळवलंही नाही. निबंध छापून आला, त्यात पहिले आभार माझे! तेव्हापासून मी त्याचे फोन टाळू लागलो. शेवटचे दोन दवाखान्यातून आले होते.

शोकसभेत मुलगी म्हणाली, "चुडाव्याचं काम काकांनी केलं, असं बाबा नेहमी सांगायचे." लोकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

परवा चुडाव्याला गेलो. तिथल्या गंगाबाईंकडे गॅस आहे, पण भाकरी अजून चुलीवरच. "ते सर हितंच बसायचे," शेजारची जागा दाखवत त्या म्हणाल्या. "धुरानं डोळ्याला धार लागायची, पर सरकायचे न्हाईत. मी सरपणाला निघाले की संगं यायचे. लय चांगला माणूस." मी तिथं बसलो.

"तुमी बी होते ना तवा त्यांच्यासंगं?"

"नाही," मी म्हणालो. "मी आलोच नव्हतो."

त्यांनी भाकरी उलटली. "मग आता कशाला आलात?"